टोकियोहून क्योटोला शिंकान्सेनने: गेटमध्ये कुठलं तिकीट कधी घालायचं

जपानला निघालेल्या माणसाला कुणीतरी छातीठोकपणे सांगतंच, ‘आधी जेआर पास काढ.’ जेआर म्हणजे जपानची मुख्य रेल्वे, आणि तिच्या गाड्यांतून ठरावीक दिवस हवं तितकं फिरायचा हा पास. ऐकू नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा साधा पास २९,६५० येनवरून थेट ५०,००० येनवर गेला. टोकियो ते क्योटो शिंकान्सेनच्या, म्हणजे बुलेट ट्रेनच्या, राखीव सीटला साधारण १४,००० येन पडतात. जाऊन-येऊन २८,०००. हिरोशिमापर्यंत जाऊन त्याच वाटेने परतलात तरी पास वसूल होत नाही. पासचे व्हिडिओ अजून जुन्याच दराच्या जोरावर फिरताहेत.

पोहोचलात की सुईका किंवा पास्मो कार्ड घ्या आणि त्यात रोख पैसे भरा. शहरातली मेट्रो, लोकल, बस यावर निघते. पण ‘सुईका सगळीकडे चालतं’ हेही अर्धसत्यच. टोकियोत कार्ड टेकवून साध्या गाडीने आतामी ओलांडून शिझुओकाला उतरलात तर गेट बाहेर सोडत नाही, कारण तिथे दुसऱ्या कंपनीची हद्द सुरू होते. आणि नुसतं कार्ड टेकवून शिंकान्सेनने क्योटोला जाता येत नाही.

तिकीट स्टेशनवरच्या मशीनमधून काढा, त्यावर इंग्रजीची सोय असते. नोझोमी ही सर्वांत जलद शिंकान्सेन निवडा. फुजी बघायचा असेल तर साध्या डब्यात खिडकीची ‘ई’ सीट.

आता खरी गोम. हातात बहुतेक वेळा दोन तिकिटं येतात: एक मूळ भाड्याचं, दुसरं जलदगाडीचं, ज्यावर गाडी, डबा आणि सीट छापलेली असते. कधी दोन्ही एकाच कागदावर येतात, मग प्रश्नच मिटला. दोन आली की मात्र भलेभले गेटपाशी गोंधळतात. मलाही ही भानगड उमजायला वेळ लागला, कारण कुणी नीट सांगतच नाही.

मूळ भाड्याचं तिकीट नीट बघा. त्यावर ‘टोकियो स्टेशन’ नसतं, ‘टोकियोचे वॉर्ड’ अशा अर्थाची जपानी अक्षरं असतात. २०० किलोमीटरहून लांबच्या प्रवासाला शहराच्या २३ वॉर्डांतलं कुठलंही जेआर स्टेशन सुरुवातीचं धरलं जातं. म्हणजे शिंजुकूहून टोकियो स्टेशनपर्यंतचा जेआर लोकलचा प्रवास त्याच पैशांत. मेट्रो यात येत नाही, आणि या वॉर्डांत मध्येच कुठे बाहेर पडायची मुभा या तिकिटावर नसते.

म्हणून शिंजुकूच्या गेटवर सुईका खिशातच ठेवा. फक्त मूळ भाड्याचं तिकीट घाला आणि पलीकडून न विसरता उचला. चुओ मार्गाच्या नारिंगी पट्ट्याच्या जलद लोकलने टोकियोला या. तिथे शिंकान्सेनच्या आतल्या गेटवर दोन्ही तिकिटं एकावर एक ठेवून एकदम घाला. एकेक करून घालू नका. दोन्ही परत येतात, दोन्ही घ्या.

सवयीने शिंजुकूत सुईका टेकवलंच असेल, तर या आतल्या गेटवर आधी तिकिटं घाला, मग कार्ड टेकवा. लोकलचे पैसे कापले जातील, पण कार्डावरची नोंद बंद होईल. ती उघडी राहिली की पुढच्या गेटला कार्ड अडतं आणि स्टेशनवरच्या माणसाकडून ते सोडवून घ्यावं लागतं. गेट बंद झालं तर तिकिटं पुन्हापुन्हा कोंबत बसू नका, मागे रांग असते. कडेच्या कर्मचाऱ्याला सगळं दाखवा, तो अर्ध्या मिनिटात मार्गी लावतो.

गाडीत चढणं सोपं आहे: फलाटावर डब्याचा क्रमांक लिहिलेला असतो, तिथे उभं राहा. बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर जात असेल तर तिकीट काढतानाच सामानाच्या जागेची सीट घ्या. ती फुकट आहे, न घेता चढलात तर १,००० येन.

क्योटोला थेट शहरात पडायचं असेल तर गेट दोन्ही तिकिटं गिळतं. पण क्योटोतल्याच फुशिमी इनारी देवळाला किंवा आराशियामा भागात जायचं असेल तर बाहेर न पडता जेआर लोकलकडच्या आतल्या गेटने जा. मूळ भाड्याचं तिकीट परत मिळतं आणि त्यावर इनारी किंवा सागा-आराशियामापर्यंत जाता येतं, कारण इकडेही शहराचाच हिशोब लागू असतो.

स्मार्ट-ईएक्स या शिंकान्सेनच्या ऑनलाइन आरक्षण सेवेवर नोंदणी करून सुईका किंवा पास्मो कार्ड जोडलं तर कागदाची कटकट नाही, नुसतं टेकवायचं. पण ते तिकीट शिंकान्सेनच्या स्टेशनपासून स्टेशनपर्यंतच, अलीकडच्या-पलीकडच्या लोकलचे पैसे वेगळे. हॉटेल टोकियो स्टेशनला लागून असेल तर खुशाल तेच घ्या. शिंजुकू किंवा उएनोला राहत असाल आणि पुढे आराशियामा गाठायचं असेल, तर मी कागदी तिकीटच घेतो.