मारिओचा सिनेमा पाहायच्या आधी पंधरा मिनिटं खेळून मरा

विहिरीतली मोटार काढणं, पाइपलाइन जोडणं, ठिबकच्या नळ्या मोकळ्या करणं हा माझा धंदा. आमचं गाव मोर्शीकडे, संत्र्याच्या पट्ट्यात. पाणी खोल गेलंय, त्यामुळे कामाला तोटा नाही अन् सिनेमाला सवड नाही. दिवाळीत अमरावतीचा भाचा आला अन् म्हणाला, "मामा, पिक्चर पाहू. हिरो तुह्यासारखाच नळवाला आहे."

तो मारिओ नावाच्या व्हिडिओ गेमवरून केलेला, 2023 चा 'द सुपर मारिओ ब्रदर्स मूव्ही'. मी जन्मात व्हिडिओ गेम हातात धरला नव्हता. हा कोण, तो काहून पळते, मशरूम खाऊन काय होते... अर्ध्या तासात पोट्ट्यानं सिनेमाच बंद केला. दुसऱ्या दिवशी आम्ही नव्यानं बसलो, ते ज्या पद्धतीनं बसलो ती सांगतो. तुमच्याही घरी असं पोट्टं असेल तर कामी येईल.

आधी खेळा. भाच्याच्या बाबाचा जुना कॅसेटवाला टीव्ही गेम माळ्यावर पडला होता. त्यात 1985 चा मारिओ निघाला. कॅसेटीत फुंकर मारून लावली. मोबाइलवर कोणी खेळताना दाखवलं तर दुधाची तहान ताकावर भागते, पण बटण आपल्या बोटाखाली असलेलं बरं. पहिला टप्पा पुरे.

मारिओ डावीकडे उभा असतो, सांगणारं कोणी नाही. मी उजवीकडे चालवला. समोरून एक तपकिरी, भुवया ताणलेलं ध्यान आलं. वाटलं, जाईल बाजूनं. मेलो. तीनदा मेलो. चौथ्यांदा उडी मारली. वर प्रश्नचिन्हाचा चौकोन चमकत होता, त्याला डोक्यानं ठोसा दिला तर नाणं निघालं. पुढच्या चौकोनातून मशरूम निघालं अन् घरंगळत उजवीकडे गेलं. मला वाटलं हाही वैरीच, गेला तर बरं. पण ते हिरव्या पाइपाला धडकून उलटं माझ्याच अंगावर आलं. उडी मारायला गेलो तर डोकं विटांना लागलं अन् मी नेमका मशरूमवर पडलो. मेलो नाही, मोठा झालो! हा खेळ ज्यानं रचला त्या शिगेरू मियामोतोनं एक अक्षर न लिहिता मला शिकवलं होतं, कशाला भ्यायचं अन् काय खायचं.

आता सिनेमा लावा. सुरुवातीलाच मारिओ ताटातले मशरूम बाजूला सारताना दिसतो, त्याला ते आवडत नाहीत. आदल्या दिवशी मी ते बघून जांभई दिली होती, आज भाच्याच्या आधी मी हसलो. दोघं भाऊ कामावर पळतात तेव्हा कॅमेरा एका बाजूनं, डावीकडून उजवीकडे जातो अन् मारिओ बांधकामावरून उड्या मारत सुटतो. तो खेळच आहे. पुढे राजकन्या पीच त्याला अडथळ्यांवरून पळवते अन् तो पुन्हा पुन्हा आपटतो. त्या वेळी माझी बोटं आपोआप गुडघ्यावर बटणं दाबत होती.

गोष्टीत फार खोल जाऊ नका. ब्रुकलिनचे दोन नळवाले भाऊ जमिनीखालच्या पाइपातून दुसऱ्या जगात ओढले जातात. ल्युइगी बाउझर नावाच्या कासवाच्या तावडीत सापडतो, मारिओ पीचच्या राज्यात पडतो. बाउझरला पीचशी लग्न करायचं असतं. बस. गोष्ट पातळ आहे म्हणणारे भेटतील. रामलीलेत रावण मरणार हे काय आपल्याला ठाऊक नसते? आपण रात्रभर बसतो ते त्याची एन्ट्री पाहायला.

संवाद इंग्रजीत होते, अर्धे माझ्या डोक्यावरून गेले. काही अडलं नाही.

प्रश्न मात्र साठवून ठेवा. आम्ही नियम केला: लाइन गेली की विचारायचं. सिनेमा दीड तासाचा, आम्हाला अडीच लागले, त्यामुळे बरंच विचारून झालं. त्यात कळलं की सिनेमात दिसतो तो गोरिला, डाँकी काँग, हा मारिओचा सगळ्यात जुना वैरी. 1981 च्या 'डाँकी काँग' खेळात मारिओचं नाव जंपमॅन होतं अन् तो सुतार होता. नळाचं काम त्यानं 1983 पासून धरलं. म्हणजे माझ्यासारखाच, मीही आधी रंधाच मारत होतो. सिनेमातली इंद्रधनुष्याच्या रस्त्यावरची गाड्यांची शर्यत वेगळ्याच खेळातली आहे, 'मारिओ कार्ट' मधली. त्यात निळं कवच पहिल्या नंबरवाल्यालाच शोधून हाणते. एवढं आधी माहीत असू द्या, नाहीतर तिथे सगळे ओरडतात अन् आपण तोंडाकडे पाहत बसतो.

1993 चा माणसं घेऊन केलेला मारिओचा सिनेमाही आहे. तिथून सुरुवात करू नका, त्यात खेळ ओळखू येत नाही.

माझी एकच तक्रार. हिरवे पाइप सुबक आहेत, तोंडाशी आपल्या सॉकेटसारखी जाड कड आहे, पण त्यातून पाण्याचा थेंब येत नाही. भाच्याला म्हटलं, "याचं पाणी कुठं जाते?" तो म्हणाला, "मामा, तू चूप बस न."

नावांची पट्टी लागली की उठू नका. एक गंमत मधे आहे अन् एक अगदी शेवटी. शेवटच्या नावापर्यंत बसलो, तेव्हा ब्रुकलिनच्या जमिनीखाली एक पांढरं, हिरव्या ठिपक्यांचं अंडं दिसलं अन् त्याला तडा गेला. भाचा ओरडला, "योशी!"

मी विचारलं, "कोण योशी?"

त्यानं कॅसेटींचा डबा पुढे ओढला.