बडोद्यात घरबसल्या सिंथ-पॉप अल्बम करायचाय? मग आधी आवाज कमी करा

सिंथ-पॉपचा, म्हणजे सिंथेसायझरवर चालणाऱ्या पॉपचा, बँड काढला की पोरं पहिले प्लगइन (कॉम्प्युटरवरची वाद्यं आणि इफेक्ट) गोळा करत बसतात आणि अल्बम तिथेच अडकतो. माझं मत विचाराल तर उलटं करा. गाणी लिहायच्या आधीच ठरवून टाका, अख्ख्या अल्बममध्ये एक पॉलीसिंथ (एका वेळी अनेक सूर वाजवणारा सिंथ), एक बेस, एक ड्रम मशीन आणि फार तर एक घंटीसारखा चमकणारा आवाज, बस. ऐंशीच्या सुरुवातीला बऱ्याच बँडांकडे एवढंच असायचं, म्हणून तर त्यांची आठ-दहा गाणी लगेच एकाच अल्बमची वाटतात.

खरी मशीनं घ्यायची काही गरज नाही हं. यामाहाची डीएक्स-7 ही सिंथ मशीन आली 1983 ला, तिचा आवाज डेक्स्ड नावाच्या फुकट प्लगइनमध्ये मिळतो, जुन्या पॅचच्या (साठवलेल्या आवाजांच्या) फायली पण त्यात लोड होतात. जाड कॉर्ड्ससाठी सर्ज एक्सटी हे प्लगइन, तेही फुकट. आणि लोक रोलंडच्या ज्युनो सिंथचा जो ऊबदार आवाज शोधत फिरतात ना, त्यातली निम्मी जादू तिच्या कोरसची (आवाज पसरट करणाऱ्या इफेक्टची) आहे, तेव्हा साधी सॉ वेव्ह (सिंथचा करवतीसारखा कच्चा आवाज) घ्या, लो-पास फिल्टर (वरच्या फ्रिक्वेन्सी कापणारा) अर्धा बंद करा, वर स्टिरिओ कोरस टाका, झालं काम. हे सगळं परदेशी खूळ आहे असं घरात कुणी म्हटलंच तर सांगा, मुंबईच्या चरणजित सिंगांनी 1982 मध्ये ज्युपिटर-8 सिंथ, टीबी-303 बेस मशीन आणि टीआर-808 ड्रम मशीन घेऊन रागांची अख्खी रेकॉर्ड केली होती.

आता किक (ड्रमचा जाड ठोका) आणि बेस, कारण घरच्या मिक्सची वाट बहुतेक इथेच लागते. दोघंही खालच्याच फ्रिक्वेन्सीत बसायला बघतात, मग दोन्ही गढूळ होतात. बेसवर साइडचेन कॉम्प्रेसर लावा म्हणजे किक पडली की बेस क्षणभर दबतो. पण रिलीज टाइम (बेस परत वर यायला लागणारा वेळ) अंदाजे फिरवू नका, टेम्पोवरून काढा. मिनिटाला 120 बीटच्या टेम्पोला एक बीट म्हणजे 500 मिलिसेकंद, अर्धा बीट 250, म्हणजे रिलीज 150 ते 200 च्या आसपास ठेवलात तर ऑफबीटची नोट येईपर्यंत बेस परत वर आलेला असतो आणि गाणं आपोआप उसळायला लागतं. साधारण 120 हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो (दोन्ही स्पीकरांत एकसारखं) करा, आणि पॅड्समधला (मागे लांबवलेल्या कॉर्ड्समधला) खालचा भाग बिनधास्त कापा, एकटा ऐकला तर पातळ वाटेल, वाटू दे, मिक्समध्ये बरोबर बसतो.

व्होकलचं वेळापत्रक मात्र बडोद्याप्रमाणे. नवरात्रीत माइक उघडायचाच नाही, गरब्याचा बेस भिंतीतून येतो आणि तो मागाहून काढता येत नाही. उत्तरायणाचे दोन दिवस पण सोडा, प्रत्येक गच्चीवर स्पीकर असतो. उन्हाळ्यात पंखा बंद करून दुपारी गाणं अशक्य, मग पहाटे बसा, म्हणजे शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या पण सुरू झालेल्या नसतात. गोधडी बरेच जण माइकच्या मागे लटकवतात, पण साधा कार्डिओइड माइक मागचं तसंही कमीच ऐकतो, त्याचं तोंड असतं गाणाऱ्याकडे, म्हणजे गाणाऱ्याच्या पाठीमागच्या भिंतीवरून परत येणारा आवाज सरळ त्यात शिरतो. गोधडी लावायची ती तिथे. मराठी ओळ आधी क्लिकवर (मेट्रोनोमच्या टिकटिकीवर) नुसती बोलून बघा, "पाऊस" मधला "पा" बीटवर पडतोय का ते लगेच कळतं, चालीत कोंबलेले शब्द सिंथच्या काटेकोर ठेक्यावर जास्तच उघडे पडतात. स, श, च फार टोचत असतील तर डी-एसर (असे टोचरे आवाज दाबणारा इफेक्ट) पाच ते आठ किलोहर्ट्झमध्ये फिरवून बघा.

ऑटोट्यून (सूर आपोआप दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर) लावायच्या आधी कच्चा टेक एखाद्या शिकलेल्या कानाला ऐकवा. गायक मौलाबक्षांची गायनशाळा 1886 ची, आज तीच परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी म्हणून सुरसागर तळ्याच्या काठावर आहे, तेव्हा आपल्याकडे असा कान शोधायला लांब जावं लागत नाही. शिव्या पडतील, पण कुठली नोट खाली लागतेय ते नेमकं सांगतील.

मास्टरिंगबद्दल, म्हणजे तयार मिक्सवरच्या शेवटच्या हाताबद्दल, थोडक्यात. स्पॉटिफाय साधारण उणे 14 लफ्सला (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आवाज सारखा करतं, त्यामुळे गाणं दाबून दाबून मोठं करण्यात काही मिळत नाही, ट्रू पीक (आवाजाचं सगळ्यात उंच टोक) उणे 1 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका, 24 बिटची वेव्ह फाइल काढा. मग मोबाइलच्या स्पीकरवर आणि गाडीत ऐका, सेव उसळ खायला जाताना ऐकलंत तरी चालेल.

रिलीजचं काम कंटाळवाणं आहे पण भांडणं इथेच होतात. गाणं पूर्ण झालं त्याच दिवशी कुणाचे किती टक्के ते लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या, दोस्ती आहे म्हणून सोडू नका, दोस्ती आहे म्हणूनच लिहा. चाल आणि शब्द ज्यांचे त्यांनी आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं) सभासदत्व घ्यावं. डिस्ट्रिब्युटरकडे (गाणी स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोचवणाऱ्या कंपनीकडे) तीन-चार आठवडे आधी अपलोड करा, कव्हर 3000 बाय 3000 पिक्सेल, प्रत्येक गाण्याला 12 अक्षरी आयएसआरसी कोड (त्या रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) लागतो, तो बहुतेक डिस्ट्रिब्युटरच देतो. 2015 पासून जगभर नवीन गाणी शुक्रवारी येतात, तुम्हीही शुक्रवारच धरा, फक्त नवरात्रीतला नको, त्या दिवसांत आपल्या गावात दुसरं कोण काय ऐकतंय! स्पॉटिफायच्या एडिटरांना गाणं पाठवायचं तर निदान सात दिवस आधी, आणि एका वेळी एकच पाठवता येतं, म्हणून अल्बममधलं सगळ्यात गुंतागुंतीचं नाही तर पहिल्या 30 सेकंदांत पकडणारं निवडा, तिथे स्ट्रीम मोजली जाते तीच 30 सेकंदांनंतर. पैशांची स्वप्नं आवरा, 2024 पासून वर्षभरात 1000 स्ट्रीम्स झाल्याशिवाय त्या गाण्याचे पैसे सुरूच होत नाहीत.

आणि प्रत्येक गाण्याचे स्टेम्स (ड्रम, बेस, सिंथ असे सुटे ट्रॅक) वेगळ्या हार्ड डिस्कवर काढून ठेवा, पहिल्या लाइव्ह शोला ड्रम आणि बेस तिथूनच वाजवायचेत.