नव्या मोटारसायकलची पहिली सर्व्हिसिंग लांबणार असेल तर करावयाची तयारी

दसऱ्याच्या मुहूर्तावर घरी आलेल्या मोटारसायकलची पहिली सर्व्हिसिंग दिवाळीच्या मागेपुढे येते. नेमक्या त्याच दिवसांत वर्कशॉपमधले बरेच मेकॅनिक गावी गेलेले असतात, जे उरतात त्यांच्यासमोर दसऱ्याच्याच गाड्यांची रांग लागलेली असते आणि आपल्यालाही चार दिवस गावाकडे जायचे असते. मग ‘आठ-पंधरा दिवसांनी बघू’ म्हणत तारीख पुढे सरकते. माझे मत असे, की पहिली सर्व्हिसिंग लांबवू नये. जमल्यास ती दोन-चार दिवस अलीकडेच उरकावी. तरीही ती लांबणारच असेल, तर मधल्या दिवसांची तयारी करून ठेवावी, आणि ही तयारी सर्व्हिसिंगची मुदत उलटण्याच्या आधी सुरू करावी.

सर्वप्रथम गाडीसोबत मिळालेली पुस्तिका उघडून मुदत नीट वाचावी. ती दोन मापांत दिलेली असते, किलोमीटर आणि दिवस, आणि त्यांपैकी जे आधी पूर्ण होईल ते धरायचे असते. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना ५०० ते १००० किलोमीटर आणि विक्रीच्या तारखेपासून एक ते दोन महिने, या टप्प्यात कुठेतरी ही मुदत येते. आपल्या गाडीची नेमकी किती, हे पुस्तिकेतूनच घ्यावे, शेजाऱ्याच्या गाडीवरून ठरवू नये. रोज ३० किलोमीटर रनिंग असलेली गाडी १७ दिवसांतच ५००चा आकडा ओलांडते, म्हणजे महिनाभर हाताशी आहे असे समजणाऱ्याची मुदत निम्म्या महिन्यातच येऊन ठेपते. दोन्ही मापांची शेवटची मर्यादा एका कागदावर लिहून गाडीच्या कागदपत्रांत ठेवावी.

एवढी काळजी कशासाठी, हे समजले की पुढची तयारी आपोआप सुचते. नव्या इंजिनाच्या सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर मुद्दाम बारीक तिरकस रेघा ठेवलेल्या असतात. पिस्टनच्या रिंगा त्या रेघांवर घासत घासत आपली जागा धरतात आणि तेव्हा धातूचा अतिशय बारीक चुरा सुटतो. मोटारीत इंजिनाचे आणि गिअरबॉक्सचे ऑईल वेगवेगळे असते. आपल्या बहुतेक मोटारसायकलींत मात्र इंजिन, गिअर आणि क्लच ही तिन्ही एकाच ऑईलमध्ये चालतात. म्हणजे रिंगांचा चुरा, नव्या गिअरच्या दात्यांवरची कोर झिजून पडलेले कण आणि क्लचप्लेटची भुकटी हे सगळे त्याच ऑईलमध्ये उतरते, आणि १०० ते १२५ सीसीच्या गाडीत ते ऑईल असते जेमतेम एक लिटर. जाळी आणि फिल्टर बराचसा चुरा अडवतात, पण सगळा नाही. शंभर किलोमीटर जास्त झाल्याने इंजिन बंद पडत नाही, हे खरे. मात्र त्या शंभर किलोमीटरभर तोच चुरा पुन्हा पुन्हा नव्या भागांवरून फिरत राहतो, आणि ती झीज त्या दिवशी नव्हे, काही वर्षांनी दिसते.

उशीर होणार हे कळताच वर्कशॉपला फोन करावा, आणि फोनवर भागवू नये. माझ्या वेळी काउंटरवरून उत्तर आले होते, “साहेब, सणाची गर्दी आहे, पंधरा दिवसांनी या, काही होत नाही.” हे ‘काही होत नाही’ लेखी मिळत नाही तोवर त्याला अर्थ नसतो. बहुतेक वॉरंटी पत्रकांत सगळ्या सर्व्हिसिंग ठरल्या वेळेत, अधिकृत केंद्रात झाल्या पाहिजेत अशी अट असते, त्यामुळे पुढे इंजिनाची तक्रार आली तर पहिला प्रश्न या तारखेचाच निघतो. म्हणून मुदतीच्या आतच मेसेज किंवा ईमेल करून गाडीचा नंबर, त्या दिवसाचे किलोमीटर, आपण मागितलेली तारीख आणि त्यांनी दिलेली तारीख कळवावी, आणि उत्तर जपून ठेवावे. मीटरचा फोटोही त्याच दिवशी काढावा. शिवाय बहुतेक कंपन्यांचे फ्री सर्व्हिसचे कूपन त्यांच्या कोणत्याही अधिकृत केंद्रात चालते. घराजवळच्या केंद्रात जागा नसेल तर तालुक्याच्या किंवा गावाकडच्या केंद्रात विचारावे, तिथे अनेकदा दुसऱ्याच दिवशी काम होते.

त्यानंतर ऑईल तपासण्याची सवय लावावी. गाडी सपाट जमिनीवर डबल स्टँडला लावावी, इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून बंद करावे, ऑईल खाली उतरायला तेवढाच वेळ द्यावा आणि मग ऑईलची पातळी दाखवणारी पट्टी किंवा इंजिनावरची काच पाहावी. साईड स्टँडवर पाहिलेले माप चुकते. पट्टी स्क्रू करून पाहायची की नुसती टेकवून, हे पुस्तिकेत दिलेले असते. पातळी खालच्या खुणेकडे गेली असेल तर पुस्तिकेतल्याच ग्रेडचे ऑईल थोडे भरावे. मोटारीचे ऑईल मात्र भरू नये, त्यातल्या काही घटकांमुळे ऑईलमध्ये बुडालेला ‘ओला’ क्लच सटकू शकतो. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (JASO MA, MA2) हे ओल्या क्लचसाठीच्या ऑईलचे मानक लिहिलेले असावे. बाहेरच्या गॅरेजमध्ये ऑईल बदलून घेण्याचा मोह होतो, पण वर्कशॉपची लेखी संमती असल्याशिवाय तो टाळावा.

गाडी चालवताना रनिंग-इनचे, म्हणजे नवे इंजिन रुळेपर्यंत पाळायचे नियम मुदतीनंतरही सोडू नयेत. पूर्ण ॲक्सिलरेटर पिळू नये, एकाच वेगात तासन् तास जाऊ नये, चढाला वरच्या गिअरमध्ये इंजिन कण्हत ओढू नये, अर्धा क्लच दाबून ट्रॅफिकमध्ये रेंगाळू नये. डबलसीट आणि वर सामान, असा भार शक्य तितका टाळावा.

चेनकडे माझे दुर्लक्ष झाले होते, म्हणून तिच्याविषयी थोडे अधिक सांगतो. मुदत उलटून मी ११८० किलोमीटरला वर्कशॉपमध्ये पोहोचलो, तेव्हा मागून येणारी खडखड मला रस्त्याची वाटत होती. मेकॅनिकने बोटाने चेन वर-खाली करून दाखवली. ती चांगली चार सेंटिमीटर हलत होती, आणि चेनकव्हरच्या आतल्या बाजूला तिच्या माराने पांढरी चकचकीत रेघ उमटली होती. नवी चेन पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये सैल पडतेच. दर आठवड्याला इंजिनाकडच्या आणि मागच्या चाकाच्या दातेरी चक्रांच्या मधोमध खालची चेन बोटाने हलवून पाहावी. साध्या गाड्यांना हा हेलकावा साधारण दोन ते तीन सेंटिमीटर असतो आणि नेमका आकडा पुस्तिकेत किंवा गाडीवरच्या स्टिकरवर असतो. त्याच वेळी क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरचा खेळ, आरशांचे व नंबरप्लेटचे स्क्रू आणि चाके आऱ्यांची असतील तर सैल आरे हाताने चाचपावेत. हवा अर्थातच पाहावी.

लांबच्या प्रवासासाठी सर्व्हिसिंग पुढे ढकलली जात असेल तर क्रम उलटा करावा. मुंबईहून रत्नागिरीला जाऊन येणे म्हणजे सुमारे ७०० किलोमीटर होतात. ४५०वर असलेली गाडी परत येईपर्यंत ११५०वर पोहोचते. अशा वेळी निघण्यापूर्वी वर्कशॉपला विचारून सर्व्हिसिंग लवकर करून घ्यावी, किंवा ज्या गावी जायचे तिथल्या केंद्रात आधी नंबर लावावा. दोन्ही जमत नसेल तर या वेळी एसटीने जावे, हे मी अगदी मनापासून सांगतो.

अखेर ठरलेल्या दिवशी कूपन, पुस्तिका आणि तो मेसेज घेऊन सकाळी लवकर पोहोचावे. फ्री सर्व्हिस म्हणजे मजुरी फुकट. ऑईलचे पैसे द्यावे लागतात, म्हणून अंदाज आधी विचारावा. जॉब कार्डवर, म्हणजे कामाच्या नोंदीच्या कागदावर, किलोमीटर बरोबर लिहिले आहेत ना, खडखड किंवा गिअर अडकणे यांसारख्या तक्रारी त्यात उतरल्या आहेत ना, हे सही करण्यापूर्वी वाचावे. जुने ऑईल काढताना तिथे उभे राहावे. माझ्या गाडीचे ऑईल ट्रेमध्ये पडले तेव्हा उन्हात त्यात अभ्रकाची पूड कालवल्यासारखी चंदेरी झाक फिरत होती. गाडी ताब्यात घेण्याआधी मेकॅनिकसोबत एक फेरी मारावी, आणि त्या रात्री इंजिनाखाली जुने वर्तमानपत्र पसरून ठेवावे. सकाळी त्यावर ऑईलचा ठिपका दिसला तर ऑईल काढण्याचा खालचा ड्रेन बोल्ट नीट बसलेला नाही असे समजून, पातळी पाहून त्याच दिवशी वर्कशॉप गाठावे.