रेप्लिका गाडीचं पासिंग आणि पीयूसी: आधी चेसिस नंबर वाचा

उद्यमनगरातल्या एखाद्या शेडमध्ये फायबरच्या बॉडीची लालभडक रेप्लिका, म्हणजे जुन्या गाडीवर नवी बॉडी चढवून केलेली स्पोर्ट्स कारची नक्कल, दिसली की कोल्हापूरकराचा जीव तिथंच अडकतो. पैसे मोजण्याआधी चेसिसवरचा, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्यावरचा नंबर वाचा. कायद्यापुढे गाडी म्हणजे तो नंबर. खाली जिप्सी असेल, तर वरून ती कशीही दिसली तरी एमएच-०९ च्या, म्हणजे कोल्हापूर आरटीओच्या दप्तरी जिप्सीच.

‘नवी बनवून पासिंगसकट देतो’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली चालत नाहीत, हे सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. चेसिसही स्वतः बनवलीत, तर पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेकडून केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ ची मान्यता लागते. एका गाडीसाठी तो खर्च परवडत नाही. ‘विंटेज म्हणून नोंदव’ हा सल्लाही चुकीचा. २०२१ चे ते नियम ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूप टिकवलेल्या गाड्यांसाठी आहेत.

म्हणून आरसीवर बदललेली बॉडी आधीच चढलेली असेल, तीच गाडी बघा. चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी अक्षर न अक्षर जुळवा आणि इसार देण्याआधी आरटीओच्या निरीक्षकांना गाडी दाखवा.

नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. बेळगाव-गोव्याची असेल तर तिथल्या आरटीओची फॉर्म २८ ची एनओसी, मग इथला नंबर घ्यायला फॉर्म २७. पंधरा वर्षं झाली असतील तर नोंदणीच्या नूतनीकरणाचा फॉर्म २५ आणि पर्यावरण कर.

आता पीयूसी. इथं मी स्वतः तीन दिवस झुंजलोय. धुराची मर्यादाही मूळ गाडीच्या सालावर ठरते. नव्वदीतल्या कार्बोरेटरच्या पेट्रोल गाडीला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ३ टक्के आणि एचसी (न जळलेलं पेट्रोल, हायड्रोकार्बन) १,५०० पीपीएम. माझ्या गाडीचा सीओ सहाच्या खाली येईना. एका मिस्त्रीनं कार्बोरेटरचा, हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा मिक्स्चर स्क्रू पिळत नेला, दुसऱ्यानं पेट्रोलमध्ये थिनर ओतायला सांगितलं. थिनर कधीही ओतू नका, रबरी पाइप आणि डायफ्राम खराब होतात. दोष निघाला कार्बोरेटरमधलं पेट्रोल रोखणाऱ्या फ्लोटच्या झिजलेल्या नीडल व्हॉल्व्हमध्ये. कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल गरजेपेक्षा जास्त चढत होतं, तिथं स्क्रू काय करणार?

त्यामुळे क्रम पाळाच. आधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट), मग प्लग आणि स्पार्कचं टायमिंग. एअर फिल्टर नवा, चोक पूर्ण उघडतोय याची डोळ्यांनी खात्री. मग फ्लोटची पातळी. सायलेन्सरच्या जोडातून हवा आत जात असेल तर मशीनवर खोटं कमी रीडिंग येतं. ते बघून खूश होऊ नका, गळती बंद करा. हे सगळं झाल्यावरच स्क्रूला हात लावा. हलक्या हातानं पूर्ण आत बसवा, दीड-दोन फेरे उघडा, मग पाव-पाव फेरा फिरवा आणि प्रत्येक वेळी इंजिन स्थिरावू द्या.

सीओ जास्त म्हणजे पेट्रोल जास्त. सीओ कमी पण एचसी वर गेला, तर मिक्स्चर फार पातळ झालंय किंवा स्पार्क चुकतोय. हा फरक ज्याला कळत नाही, त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर देऊ नका. ई-२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलनं मिक्स्चर आणखी पातळ होतं, म्हणून जुनी सेटिंग जशीच्या तशी चालत नाही. जुने रबरी पाइपही बदलून घ्या.

केंद्रावर थंड गाडी नेऊ नका. हायवेवर शिरोलीपर्यंत वीस मिनिटं पळवून थेट रांगेत लावा, इंजिन बंद न करता.

रीडिंग बसलं की स्क्रूवर रंगाचा ठिपका मारून ठेवा. या गाड्यांचं पीयूसी सहाच महिने चालतं.