कोलंबस, इंडियाना : सातवी-आठवीची शाळा बघताना

कोथरूडच्या कमिन्स या इंजिनं बनवणाऱ्या कंपनीतून कुणाची इकडे, अमेरिकेतल्या कोलंबसला बदली झाली, की आठवड्याभरात मला फोन येतोच. "दादा, चांगली मिडल स्कूल कुठली? शनिवारी भाड्याचा करार करायचाय." मी उलट विचारतो, मूल कितवीत? सहावीत असेल तर फोन तिथेच संपतो, कारण कोलंबसमध्ये सहावीचा वर्ग प्राथमिक शाळेतच भरतो. मिडल स्कूल म्हणजे फक्त सातवी आणि आठवी. दोनच वर्षं, म्हणून चुकलेलं सावरायला वेळ कमी मिळतो.

कोलंबस ज्यात येतं त्या बार्थोलोम्यू कौंटीची, म्हणजे जिल्ह्याची, वस्ती ८० हजारांच्या आसपास. त्यातले निम्म्याहून जास्त लोक कोलंबस गावात राहतात, बाकी सगळा मका आणि सोयाबीन. सरकारी पर्याय तीन : गावातल्या सेंट्रल आणि नॉर्थसाइड, आणि ईशान्येला वीसेक किलोमीटरवर होप नावाच्या खेड्यातली हाउझर.

सेंट्रल की नॉर्थसाइड यावर आपली मंडळी रात्र-रात्र वाद घालतात. मला त्यात फारसा अर्थ दिसत नाही. दोन्ही शाळा एकाच संस्थेच्या. अभ्यासक्रम तोच, सुट्ट्यांचं वेळापत्रकही तेच. दहापैकी गुण देणाऱ्या वेबसाइटवरचा आकडा मुख्यतः राज्याच्या आयलर्न परीक्षेच्या निकालावर उभा असतो, आणि त्या निकालात पालकांची कमाई जितकी दिसते तितकी शिकवण्याची पद्धत दिसत नाही. सेंट्रल गावाच्या मध्यात आहे, इमारत २००७ची. नॉर्थसाइड नॉर्थ हायस्कूलला लागून आहे, त्यामुळे थोरला तिकडे आणि धाकटी इकडे असेल तर सोडणं-आणणं एका फेरीत होतं. नॉर्थसाइडची इमारत १९६१ची, हॅरी वीज या वास्तुरचनाकाराची. कमिन्स फाउंडेशन इथल्या सार्वजनिक इमारतींच्या वास्तुरचनाकारांची फी भरत आलंय. म्हणजे तुमच्याच कंपनीच्या पैशातून आराखडा झालेली शाळा, एकदा बघून या. पण शाळा ठरते ती तुमच्या पत्त्यावरून. घरमालकाच्या शब्दावर जाऊ नका. नेमका पत्ता घेऊन शाळेच्या कार्यालयाला विचारा आणि मगच सही करा.

खरा फरक आहे तो हाउझरचा. ती वेगळ्या संस्थेची, आणि तिथे सातवी ते बारावी एकाच छपराखाली. मुलं मोजकी, त्यामुळे लाजरं मूलही बास्केटबॉलच्या संघात किंवा बँडमध्ये सहज घेतलं जातं. शिवाय नववीला पुन्हा शाळा बदलावी लागत नाही. उलट बाजूही सांगतो. वर्गात भारतीय चेहरा बहुधा तुमच्याच मुलाचा असेल. सराव संपतो तेव्हा पिवळी बस केव्हाच निघून गेलेली असते. घरात गाडी एक आणि जोडीदाराचं लायसन्स अजून व्हायचं, अशा अवस्थेत होपला घर घेऊ नका. जानेवारीत इथे आठच्या सुमाराला उजाडतं. त्याआधी अंधारात, शेताच्या कडेला बसची वाट बघत मूल उभं राहणार, हे मनात धरून ठरवा.

आता गणित, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. आठवीत अल्जेब्रा वन (बीजगणिताचा पहिला अभ्यासक्रम) घेता आलं, तर त्याचं हायस्कूलचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तो विषय हायस्कूलच्या हिशेबात धरला जातो, आणि पुढची गणितं एक वर्ष आधी सुरू होतात. पण त्याची वाट सातवीतल्या तुकडीपासून सुरू होते, आणि ती तुकडी प्रवेशाच्या वेळी ठरते. माझ्या मुलीच्या वेळी मी "सर म्हणतील तसं" करत गप्प बसलो. तिला येत असलेलंच ती वर्षभर गिरवत बसली आणि अल्जेब्रा नववीवर गेला. चूक माझीच, मी विचारलंच नव्हतं. पुण्याच्या प्रगतिपुस्तकातल्या 'अ-१'चा अर्थ इथल्या समुपदेशकाला कळत नाही. गणिताचं पुस्तक आणि सोडवलेली वही बरोबर आणा, समोर ठेवा, आणि चाचणी घ्या म्हणून स्वतः सांगा.

प्रवेशाच्या अर्जात घरी कुठली भाषा बोलता, असा प्रश्न असतो. काही जण शहाणपणा करून 'इंग्रजी' लिहितात. मराठीच लिहा. त्यावरून मुलाची इंग्रजीची एक चाचणी होते, इंग्लिश मीडियमची मुलं सहसा पार होतात, आणि अडलंच तर जादा मदत फुकट मिळते.

लसींचं कार्ड मात्र निघण्याआधी नीट तपासा. सहावीपासून पुढे टीडॅप (धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकल्याची) आणि मेनिंगोकॉकल (एका प्रकारच्या मेंदूज्वराची) लस लागते, हिपॅटायटिस ए आणि कांजिण्यांचे दोन-दोन डोस लागतात. यातल्या मेनिंगोकॉकलचं नाव आपल्याकडच्या बहुतेक पालकांनी ऐकलेलं नसतं. जमेल तेवढ्या पुण्यातच घ्या, कार्डावर तारखा स्वच्छ लिहून घ्या. पाठ्यपुस्तकांची फी २०२३पासून सरकारी शाळांत लागत नाही. जुने लोक अजून तिचा धाक घालतात, तिकडे लक्ष देऊ नका.

शाळा ऑगस्टच्या सुरुवातीला भरते. जूनच्या हिशेबाने निवांत राहिलात आणि पंधरा ऑगस्ट करून निघालात, तर मूल पोचेपर्यंत गणिताच्या तुकड्या लागून गेलेल्या असतील. कंपनीकडून तारीख मागताना जुलैची मागा.