दुसऱ्या मॉडेलचे मागचे शॉकअप आपल्या मोटारसायकलीला बसवताना

खानदेशातली काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तडकते, त्यामुळे तिच्यावरचा डांबरी रस्ता नवा असला तरी काही वर्षांत त्यावर लाटा उठतात. यावल-रावेरच्या केळीच्या बागांकडे जाणाऱ्या गाडवाटांची किंवा धडगाव-मोलगीच्या चढ-उतारांची तर गोष्टच वेगळी. अशा रस्त्यांवर १०० ते १२५ सीसीची साधी मोटारसायकल रोज चालवणाऱ्याची कंबर धरते आणि मग कोणीतरी सल्ला देते की मोठ्या गाडीचे शॉकअप टाकून घ्या. हा सल्ला मुळात चुकीचा नाही. योग्य जोडी मिळाली तर थोड्या खर्चात गाडीचा स्वभाव बदलतो. मात्र मोठ्या गाडीचे म्हणजे आरामाचे, ही समजूत चुकीची आहे, आणि ती मी स्वतः अनुभवून सोडली आहे. माझ्या ११० किलोच्या गाडीला मी एका जड गाडीचे शॉकअप केवळ लांबी डोळ्यांनी जुळवून बसवले होते. मागे दोन पोती असली की गाडी छान चालायची, पण धुळ्याहून शिरपूरला एकटा निघालो की पुलाच्या प्रत्येक सांध्यावर कंबरेत दणका बसायचा. पंधरा दिवसांत ते काढावे लागले.

म्हणून प्रथम दोष खरोखर शॉकअपचाच आहे का, हे पाहावे. टायरमधली हवा कंपनीने सांगितल्यापेक्षा जास्त असेल, सीटचा फोम बसला असेल किंवा चिमट्याचे (मागचे चाक धरणाऱ्या आर्मचे) बुश, म्हणजे त्याच्या सांध्यातल्या नळ्या, झिजले असतील, तर नवे शॉकअप टाकूनही आराम मिळणार नाही. गाडी डबल स्टँडवर लावून मागचे चाक दोन्ही हातांनी आडवे हलवावे. चाकाबरोबर चिमटाही खडखडत हलला तर आधी बुश बदलावेत. त्यानंतर गाडी स्टँडवरून उतरवून सीटवर जोराने दाबून सोडावे. मागची बाजू एकदा वर येऊन स्थिरावली तर शॉकअपमधले तेल आपले काम करत आहे. ती दोन-तीनदा झुलली, किंवा शॉकअपच्या आत-बाहेर होणाऱ्या दांड्यावर तेलाचा ओघळ आणि त्याला चिकटलेली धूळ दिसली, तर शॉकअप संपला आहे असे समजावे.

शॉकअपमध्ये दोन वेगळी कामे चालतात आणि निवड करताना ती वेगवेगळी तपासावी लागतात. स्प्रिंग वजन पेलते, तर आतल्या तेलाचा दट्ट्या स्प्रिंगचे झुलणे थांबवतो. काळ्या मातीवरच्या लाटांच्या रस्त्यावर त्रास बहुधा दट्ट्या कमकुवत झाल्यामुळे होतो, कारण एका लाटेचा झोका विरण्यापूर्वीच दुसरी लाट येते. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा हे तेल अधिक पातळ होते आणि थकलेला शॉकअप आणखी ढिला वाटतो. गॅस भरलेल्या शॉकअपमध्ये नायट्रोजनच्या दाबामुळे तेलात फेस होत नाही, म्हणून लांब खराब रस्त्यावर त्यांचे काम अधिक काळ सारखे राहते. दुसऱ्या मॉडेलचे शॉकअप घेण्यामागे माझ्या मते हेच सर्वांत चांगले कारण आहे: स्प्रिंग आपल्या गाडीइतकीच, पण दट्ट्या तिच्याहून चांगला.

स्प्रिंगचा कडकपणा हाताने दाबून कळत नाही, तो व्हर्नियरने (बारीक मापे घेण्याच्या साधनाने) तार आणि वेटोळी मोजून काढता येतो. तो तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो, आणि वेटोळ्याच्या व्यासाच्या तिसऱ्या घाताच्या व चालू, म्हणजे मोकळेपणी दबणाऱ्या, वेटोळ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. वेटोळ्याचा व्यास तारेच्या मध्यापासून मध्यापर्यंत धरावा, आणि दोन्ही टोकांची चिकटलेली वेटोळी संख्येत धरू नयेत. उदाहरणार्थ, तार ७ मिमी, व्यास ४२ मिमी आणि चालू वेटोळी १४ असतील, तर पोलादी स्प्रिंगला १ मिमी दबण्यासाठी सुमारे २.३ किलो भार लागतो. बाकी सर्व तसेच ठेवून तार ८ मिमीची केली की हा आकडा जवळजवळ चारवर जातो, म्हणजे स्प्रिंग सुमारे ७० टक्क्यांनी कडक होते. एका मिलिमीटरचा हा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण कंबरेला पहिल्याच दिवशी कळतो. एकट्याने फिरणाऱ्याने आपल्या जुन्या स्प्रिंगपेक्षा १० ते १५ टक्क्यांहून अधिक कडक स्प्रिंग घेऊ नये असे मला वाटते. दूध घालणाऱ्याचे गणित वेगळे आहे. २० लिटरच्या दोन भरलेल्या कॅनमधले दूधच सुमारे ४१ किलो असते, आणि हा भार जवळजवळ सगळा मागच्या चाकावर येतो. त्याला कडक स्प्रिंग हवीच, पण परतीच्या रिकाम्या फेरीत ती आपटणार हेही त्याने मान्य केले पाहिजे.

आता मापांकडे येऊ. पहिले माप म्हणजे वरच्या छिद्राच्या मध्यापासून खालच्या छिद्राच्या मध्यापर्यंतची लांबी. ती मूळ शॉकअपइतकीच असावी, फार तर ५ ते १० मिमी अधिक चालते. शॉकअप १० मिमी लांब झाला की मागची बाजू साधारण तेवढीच किंवा थोडी अधिक उचलली जाते, गाडी सुमारे अर्धा अंश पुढे झुकते, हेडलाइटचा झोत खाली येतो, साइड स्टँडवर गाडी जास्त कलते आणि डबल स्टँडवर मागचे चाक जमिनीला टेकू शकते. आखूड शॉकअपचा धोका मात्र याहून गंभीर आहे, कारण खड्ड्यात टायर मडगार्डला घासतो.

म्हणून दुसरे माप पूर्ण दबलेल्या अवस्थेचे घ्यावे, आणि हेच माप बहुतेक जण टाळतात. दोन्ही जुने शॉकअप काढल्यावर चाक हाताने वर उचलावे, टायर आणि मडगार्ड यांमध्ये सुमारे १५ मिमी अंतर उरेल तिथे थांबावे, आणि वरच्या व खालच्या बोल्टमधले अंतर मोजावे. नवा शॉकअप पूर्ण दबल्यावर याहून आखूड होता कामा नये. त्याची दबलेली लांबी काढण्यासाठी स्प्रिंगच्या फटीतून दिसणारा उघडा दांडा, आतल्या रबरी बफरपर्यंत, मोजून एकूण लांबीतून वजा करावा. जोरात आपटल्यावर बफरही दबतो, म्हणून वरचे १५ मिमी अंतर वाया गेले असे समजू नये.

तिसरी गोष्ट शॉकअपच्या टोकाच्या छिद्रात बसवलेल्या रबरी बुशाची. बुशाचे छिद्र गाडीच्या खुंटीपेक्षा (शॉकअप ज्यावर अडकतो त्या बोल्टपेक्षा) मोठे असेल तर लेथवर पोलादी स्लीव्ह करून घेता येते, आणि ती फिट्ट बसली पाहिजे. छिद्र लहान असेल तर बुशच बदलावा. ड्रिलने छिद्र मोठे करणे किंवा खुंटी घासून बारीक करणे, हे दोन्ही उपाय मी धोकादायक समजतो. खालच्या टोकाला काही मॉडेलांत बुश असतो, तर काहींत दोन पाकळ्यांमधून बोल्ट जातो, आणि हे दोन प्रकार एकमेकांच्या जागी बसत नाहीत. पट्टी वेल्ड करून लांबी वाढवलेले शॉकअप कधीही वापरू नयेत. स्प्रिंगचा बाहेरचा व्यासही पाहावा, कारण जाड स्प्रिंग चेन कव्हरला, साडी गार्डला किंवा सायलेन्सरला लागते.

भंगारातून जोडी घेणार असाल तर दोन्ही एकाच गाडीचे आहेत ना, दांडा सरळ व गंजाच्या ठिपक्यांवाचून आहे ना आणि दाबून सोडल्यावर दोन्ही सारख्याच वेगाने परत येतात ना, हे पाहावे. एक नवा आणि एक जुना अशी जोडी वळणावर चिमट्याला पीळ देते. गॅसचा शॉकअप उघडण्याचा प्रयत्न करू नये, त्यात दाब असतो. कोणत्याही शॉकअपची स्प्रिंग काढायची असेल तर स्प्रिंग दाबण्याचे साधन असलेल्या गॅरेजमध्येच काढावी.

बसवण्याचे काम त्यामानाने सोपे आहे. गाडी सपाट जागी डबल स्टँडवर लावून मागच्या चाकाखाली लाकडी फळ्या सरकवाव्यात, म्हणजे शॉकअप काढल्यावर चिमटा खाली पडणार नाही. सायलेन्सर आडवा येत असेल तर तो गार झाल्यावर सैल करावा. खुंट्या पुसून त्यांना ग्रीसचा पातळ हात द्यावा, वॉशर जसे निघाले त्याच क्रमाने ठेवावेत, आणि नवे शॉकअप बसवून नट फक्त हातघट्ट करावेत. मग गाडी स्टँडवरून उतरवून कोणाला तरी सीटवर बसवावे आणि त्याच अवस्थेत नट सर्व्हिस मॅन्युअलमधल्या टॉर्कप्रमाणे आवळावेत. चाक लोंबकळत असताना आवळले तर रबरी बुश कायम पिळलेल्या स्थितीत राहतो आणि लवकर फाटतो. शेवटी गाडी पुन्हा स्टँडवर घेऊन चाक फिरवावे, ब्रेक रॉड व चेन पाहावी. चिमट्याचा कोन बदलल्यामुळे चेनचा ढिलेपणाही बदलतो, म्हणून तो पुन्हा लावावा.

यानंतर स्प्रिंगच्या खालच्या पायऱ्या, म्हणजे स्प्रिंग कमी-जास्त दाबून ठेवणाऱ्या कड्याच्या खाचा. पायरी वाढवली की स्प्रिंग कडक होते असे गॅरेजमध्येही सांगितले जाते, पण स्प्रिंग तीच राहते. ती फक्त आधीच थोडी दाबून ठेवली जाते आणि गाडी त्याच भाराखाली उंच उभी राहते. पायरी ठरवण्यासाठी चाक अधांतरी असताना मागच्या ॲक्सलपासून सीटखालच्या एका खुणेपर्यंतचे अंतर मोजावे, नंतर नेहमीचा भार घेऊन आपण गाडीवर बसावे आणि दुसऱ्याकडून तेच अंतर मोजून घ्यावे. चाकाची चाल, म्हणजे ते जास्तीत जास्त जितके वर-खाली हलते ते अंतर, ८० मिमी असेल तर फरक २० ते २५ मिमी यावा. जास्त आला तर पायरी वाढवावी, कमी आला तर उतरवावी, आणि दोन्ही बाजूंना पायरी सारखीच ठेवावी. सर्वांत वरच्या पायरीवरही गाडी जास्त दबत असेल तर स्प्रिंग मऊ आहे, आणि सर्वांत खालच्या पायरीवरही ती पुरेशी दबत नसेल तर स्प्रिंग आपल्यासाठी फार कडक आहे.

हे सर्व हिशेब दोन शॉकअप ॲक्सलजवळ उभे लावलेल्या गाडीला लागू पडतात, कारण तिथे चाक आणि शॉकअप जवळजवळ सारखेच हलतात. मोनोशॉकच्या (मागे एकच शॉकअप असलेल्या) गाड्यांत आणि शेतावर वापरायच्या चारचाकी एटीव्हीत तसे नसते. एटीव्हीचा शॉकअप आर्मच्या (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या दांड्याच्या) मध्यावर टेकलेला असेल आणि चाक २ मिमी हलल्यावर तो १ मिमीच दबत असेल, तर चाकाला स्प्रिंगचा चौथा भागच कडकपणा मिळतो. त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन एटीव्हींमध्ये लांबी आणि बुश तंतोतंत जुळले, पण आर्मवरची जागा थोडी वेगळी असली, तरी परिणाम फार बदलतो. तिथे शॉकअपबरोबर दोन्ही मॉडेलांच्या आर्मवरची अंतरेही मोजावीत.

पहिली चाचणी ओळखीच्या रस्त्यावर, आधी एकट्याने आणि मग भार घेऊन, सावकाश घ्यावी. परत आल्यावर टायरच्या आतल्या बाजूला आणि मडगार्डखाली घासल्याची खूण आहे का, हे पाहावे. १०० किलोमीटरनंतर चारही नट पुन्हा तपासावेत. जुने शॉकअप त्यांच्या वॉशरसह कापडात गुंडाळून ठेवावेत. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिसिंगच्या वेळी ते परत बसवण्याची गरज पडू शकते.