सेप्सिसचा पेशंट कोल्हापूरला पाठवताना: रक्ततपासण्यांची तयारी

चंदगड, राधानगरी, शाहूवाडीकडून आमच्याकडे कोल्हापूरला पेशंट येतो तेव्हा फाइलीत रिपोर्ट भरपूर असतात, पण रक्त किती वाजता काढलं ते सहसा कुठंच लिहिलेलं नसतं. लॅबनं छापलेली वेळ पुष्कळदा रिपोर्ट निघाल्याची असते. सेप्सिसमध्ये (संसर्गामुळे अवयव निकामी व्हायला लागणं) एकट्या आकड्यावरून पुढचा अंदाज बांधता येत नाही, तो चढतोय की उतरतोय हे कळावं लागतं. म्हणून आधी पेन जवळ ठेवा. प्रत्येक ट्यूबवर नावासोबत वेळ घाला आणि चिठ्ठीवर अँटिबायोटिकचा पहिला डोस कधी गेला तेही.

ब्लड कल्चरच्या (रक्तात जंतू वाढतात का ते बघायच्या) बाटल्या रात्री शोधायची वेळ येऊ नये. अँटिबायोटिकच्या आधी, दोन वेगळ्या जागांहून, मोठ्या माणसाचं प्रत्येक बाटलीत 8 ते 10 मिली रक्त घ्या. क्लोरहेक्सिडीन आपोआप वाळू द्या, फुंकर घालू नका. भरलेली बाटली फ्रिजमध्ये जाता कामा नये. मात्र बाटल्या नाहीत म्हणून शॉकमधल्या (रक्तदाब कोसळलेल्या) पेशंटचं अँटिबायोटिक तासाच्या पुढं ढकलायचं नाही.

खरी काळजी घ्यायची ती लॅक्टेटची, म्हणजे पेशींना ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढणाऱ्या घटकाची. हाताचा पट्टा करकचून बांधून मूठ उघडझाप करायला लावली की आकडा फुगतो. सलाईन चालू असलेल्या हातातून तर घेऊच नका. करड्या झाकणाची फ्लोराइड ट्यूब, बर्फात, शक्यतो पंधरा मिनिटांत लॅबमध्ये. एबीजी (रक्तातले वायू मोजणारं) मशीन असेल तर लगेच त्यावरच लावा. 2016 च्या सेप्सिस-3 व्याख्येनुसार पुरेसं सलाईन देऊनही सरासरी रक्तदाब 65 राखायला व्हॅसोप्रेसर (रक्तदाब वाढवणारं औषध) लागत असेल आणि लॅक्टेट 2 मिलिमोलच्या वर असेल, तर तो सेप्टिक शॉक. अशा पेशंटांत रुग्णालयातला मृत्युदर 40 टक्क्यांहून जास्त. पण एकक बघा: काही लॅब मिलिग्रॅममध्ये देतात आणि तिथले 18 म्हणजे इथले 2. नुसतं 18 वाचून नातेवाइकांना घाबरवू नका. मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) चालू आहे का, यकृताचा आजार आहे का, साल्ब्युटामॉलचं नेब्युलायझेशन किंवा ॲड्रेनलिन दिलंय का, हे बाजूला लिहा, कारण यांनीही लॅक्टेट वाढतं. वाढलेलं असेल तर दोन ते चार तासांनी परत बघायचं. तेवढ्यात गाडी निघाली, तर दुसरं सॅम्पल आम्ही इथं घेऊ, फक्त पहिल्याची वेळ हवी.

लॅक्टेटची सोयच नसेल तर बोटाच्या टोकावर काचेची स्लाइड 10 सेकंद दाबून सोडा. रंग परतायला 3 सेकंदांहून जास्त लागले की रक्तपुरवठा कमी पडतोय. हेही वेळेसकट लिहा.

प्रोकॅल्सिटोनिन (जिवाणूंच्या संसर्गात रक्तात वाढणारं प्रथिन) महाग आहे आणि पैसे नातेवाइकांच्या खिशातून जातात. ते चार-सहा तासांत वाढायला लागतं, साधारण दिवसभरात टोक गाठतं, आणि संसर्ग आटोक्यात आला की रोज निम्म्याच्या आसपास उतरतं. अँटिबायोटिक सुरू करायचं का, हे त्यावरून ठरवू नये. बंद कधी करायचं यासाठी ते उपयोगी: टोकापासून 80 टक्के घट किंवा 0.5 नॅनोग्रॅमच्या खाली, आणि पेशंटही सुधारलेला. किडनी निकामी असेल किंवा मोठं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर संसर्गाशिवायही ते वर असतं. पैसे मोजकेच असतील तर मी ते क्रिएटिनिन (किडनीसाठी), बिलिरुबिन (यकृतासाठी) आणि प्लेटलेटवर घालवायला सांगेन. अवयव किती बिघडलेत ते मोजणाऱ्या सोफा स्कोअरमधले हे तीन घटक तालुक्याच्या लॅबमध्येही होतात. सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारं प्रथिन) करा, पण ते उशिरा चढतं, फार काही ठरवत नाही.

पावसाळ्याची तयारी जूनमध्येच. 2019 आणि 2021 च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता. अशा वेळी पेशंट तुमच्याकडेच राहणार आणि पुढची सॅम्पलंही तुम्हालाच घ्यावी लागणार. ट्यूब, बाटल्यांची मुदत तपासून ठेवा. पुराच्या पाण्यात किंवा शेतातल्या चिखलात काम झालं होतं का, पायाला जखम होती का, हे विचाराच. ताप, कावीळ, घसरलेल्या प्लेटलेट आणि चढलेलं क्रिएटिनिन एकत्र दिसलं तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा आजार) विचार चिठ्ठीवर यायला हवा.

शेवटचं काम नातेवाइकांचं. मागच्या वर्षीचं क्रिएटिनिन किती होतं हे कळल्याशिवाय आजचं 2.4 नवं की जुनं, ते सांगता येत नाही. जुनी फाइल घरी राहिली असेल तर घरच्या कुणाला तरी फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवायला सांगा. गाडी कोल्हापुरात पोचेपर्यंत तो हातात असतो.